गोंगाटजन्य बहिरेपणा : ग्लासगो ते ठाणे

धातूवर अखंड घण पडत असता कारागिराचा कान हळूहळू निकामी होतो, हे ज्ञान नवे नाही. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत तांबटांविषयी ते नमूद केले होते. तांबट आळी परिचयाची असलेल्या मराठी वाचकास त्यात नवल वाटावयाचे नाही. परंतु अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट आणि मापनाने सिद्ध झालेली गोष्ट यांत मोठे अंतर असते. ते कमी करण्याचे श्रेय प्रामुख्याने ग्लासगोचे कर्णरोगतज्ज्ञ टॉमस बार यांना द्यावे लागते.

बार यांनी १८८६ मध्ये शंभर बॉयलर-कामगारांचे कान तपासले. साधन अगदी साधे होते : घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, एवढेच पाहावयाचे. तुलनेसाठी त्यांनी लोखंडाचे ओतकाम करणारे कामगार व टपालवाहक यांचीही परीक्षा केली. एकाही बॉयलर-कामगाराची श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. बॉयलरच्या पोटात शिरून रिव्हेट आतून दाबून धरणाऱ्याची अवस्था विशेष वाईट होती. तुलनेमुळे दोष वयाचा नसून व्यवसायाचा आहे, हे स्पष्ट झाले. पुढे १८९० मध्ये योहान हाबरमान याने अशाच एका कामगाराच्या शवविच्छेदनात अंतर्कर्णातील संवेदनपेशींचा नाश दाखवून दिला.

मानवी कानात अशा केशयुक्त पेशी सुमारे पंधरा हजार असतात आणि नष्ट झालेली पेशी पुन्हा निर्माण होत नाही. हानीचा आरंभ बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उच्च स्वरांपासून होतो. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने प्रथम अस्पष्ट होतात. बोलणे ऐकू येते, पण नीट कळत नाही. वेदना नसल्यामुळे रोग्याची तक्रार उशिरा येते. म्हणूनच येथे मापनाला विशेष महत्त्व आहे.

ठाणे–कल्याण परिसरात बाष्पयुग लवकर अवतरले. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास आणि १ मे १८५४ रोजी कल्याणास पोहोचली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून आरंभ केला व डोंबिवलीतही औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. कारखाना अधिनियमातील १९८७ च्या दुरुस्तीने गोंगाटजन्य श्रवणहानीचा समावेश सूचनीय रोगांत झाला.

वस्तीतील गोंगाटाचा इतिहास मात्र निराळ्या मार्गाने गेला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. तिची अंमलबजावणी व्हावी, यासाठी ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक व न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क ठरत नाही. पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवावीत व शहरांचे ध्वनिनकाशे तयार करावेत, असेही आदेश दिले गेले. बार यांच्या घड्याळाचे कार्य आता ध्वनिमापकाकडे आले; पण परीक्षा कानाची न राहता परिसराची झाली.

या फरकाकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते, घराजवळ ५५. दोन्ही मर्यादा स्वतंत्र नियमांनी ठरतात व त्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणाही स्वतंत्र आहे. कान मात्र एकच असतो. दिवसभराच्या गोंगाटाने थकलेल्या संवेदनपेशींना सावरावयास शांतता लागते. डोंबिवलीतील कामगार पाळी संपवून घरी परतल्यावर शेजारी ध्वनिक्षेपक चालू असेल, तर ती संधीच हिरावली जाते. दर तीन डेसिबलांनी ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बेरजेचे गांभीर्य ध्यानात येईल. कारखान्यातील नियतकालिक श्रवणपरीक्षा आणि वस्तीतील ध्वनिनकाशे यांच्या नोंदी एकत्र ठेवून वाचल्या जात नाहीत, तोवर बार यांनी घालून दिलेली तुलनात्मक पद्धती या परिसरापुरती अपूर्णच राहील.