ज्वालामुखीच्या छातीवर वसलेले आपण : दगड, पाणी, माती आणि जात

ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंडोनेशिया, इटली, जपान येतात. टीव्हीवर लाव्हा वाहताना दिसतो आणि प्रश्न पडतो, हे लोक अशा डोंगराच्या पायथ्याशी राहतात तरी कसे? छत्रपती संभाजीनगरमध्ये राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. कारण आपले घर, आपले शेत, आपली विहीर, नागसेनवन आणि त्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी, हे सगळे थंड झालेल्या लाव्ह्यावरच उभे आहे. या शहराचे जुने नावच खडकी होते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर बसला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा बेसॉल्ट पसरलेला आहे. डोंगरांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांमुळे भूशास्त्रात याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. कोणत्या देवाच्या कोपाने किंवा ऋषीच्या शापाने नव्हे, तर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने ही भूमी घडली. आणि निसर्गाने हा दगड पसरताना कोणाची जात विचारली नाही. पण त्या दगडात साठणारे पाणी, त्याची झीज होऊन बनलेली माती आणि त्यात कोरलेला इतिहास, या तिन्हींची वाटणी माणसांनी मात्र जातीने केली. आमचे म्हणणे नेमके हे आहे.

जगातही चित्र फारसे वेगळे नाही. ज्वालामुखीच्या राखेने माती सुपीक होते, म्हणून जावामधले शेतकरी मेरापी पर्वताच्या उतारावर पुन्हा पुन्हा परततात. त्याच मुलखात ज्वालामुखीच्याच दगडाने बोरोबुदूरचा महान स्तूप उभा राहिला. २०१० साली मेरापीचा उद्रेक झाला तेव्हा बोरोबुदूर राखेने माखला आणि ती राख माणसांनी हातांनी साफ केली. दुसरे उदाहरण कोलंबियातल्या आर्मेरो गावाचे. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले, चिखलाचा लोंढा खाली आला आणि सुमारे २३ हजार माणसे गाडली गेली. धोक्याचा नकाशा शास्त्रज्ञांनी आधीच तयार केला होता, तरी गाव वेळेत रिकामे केले गेले नाही. डोंगर फुटणे ही नैसर्गिक घटना आहे, माणसे मरू देणे ही सामाजिक घटना आहे. मराठवाड्याचा दुष्काळही आपण याच नजरेने पाहायला हवा.

आधी दगडाचे बोलू. लाव्ह्याचे सगळे थर सारखे नसतात. काही जाड, घट्ट आणि एकजिनसी असतात, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. लेणे कोरायचे तर घट्ट थर ओळखावा लागतो. अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या वळणावर आणि वेरूळच्या कड्यात आपल्या पूर्वजांनी तो ओळखला. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. तिथे उभे राहिले की काम कसे चालत असे ते कळते: आधी छत, मग हळूहळू खाली, खांबांपुरता दगड राखत. एक घाव चुकला तर दगड परत जोडता येत नाही. उलट कन्नडच्या डोंगरातल्या पितळखोऱ्याला खडक साथ देणारा नव्हता. तिथे पाणी झिरपते, दर्शनी भाग ढासळला आहे. तरीही पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कारागिरांनी खडकातच नाल्या कोरल्या. हे ज्ञान कोणत्या पोथीतले नव्हते, ते हातातले होते.

ही लेणी कोणाच्या पैशाने झाली? राजे होते, त्यांचे मंत्री होते, पण केवळ तेच नव्हते. पितळखोऱ्याच्या शिलालेखांत पैठणच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान आहे. तिथल्याच यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आणि पाण्याची पोढी नोंदवलेली आहे; बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही तिथे उल्लेख येतो. दोन हजार वर्षांपूर्वी बांबू विणणाऱ्यांची संघटना शिलालेखात सन्मानाने नोंदवली जाते आणि पुढे बांबू विणणारा बुरूड हीन ठरवला जातो. मधल्या काळात काय घडले, हा प्रश्न इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला कधी विचारू दिला?

त्याऐवजी आपल्याला दंतकथा दिल्या गेल्या. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हटले गेले. वेरूळच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात साक्षात बुद्ध बसलेले असताना ते विश्वकर्म्याचे लेणे झाले. एका रात्रीत पांडवांनी कोरले, देवाच्या सुताराने घडवले असे म्हटले की दोन कामे एकदम होतात: बुद्धाचे नाव पुसले जाते आणि मजुराचा घामही. आज खाणीत घण मारणाऱ्या, जाती-पाटे टाकवणाऱ्या वडार आणि पाथरवट समाजाला या शहरात घरासाठी झगडावे लागते. ज्यांच्या हातांना हा दगड कळतो त्यांना दगडाच्या इतिहासात जागा नाही.

आता पाणी. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि शंभर पावलांवरची कोरडी जाते. पण जो खडक पाणी आत घेत नाही तो साठवलेले पाणी सोडतही नाही. भिक्खूंनी हे ओळखून लेण्यालेण्यांत पोढ्या कोरल्या. पुढे हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि कर्तबगारीने वजीर झालेला मलिक अंबर याने याच खडकाळ गावाला नहर-ए-अंबरीने भूजल आणून दिले. म्हणजे या भूमीत पाण्याची अडचण निसर्गाने दिली आणि त्यावर उपाय माणसांनी शोधला. मग पाणी अडवले कोणी?

उत्तर आपल्याच परिसरात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९३४ ची दौलताबादची घटना आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या हौदावर त्यांनी प्रवासाची धूळ धुतली. हौद काठोकाठ भरलेला होता. तरी पाणी बाटवले म्हणून तिथल्या मुस्लिम जमावाने त्यांना घेरले. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर त्यांना आत सोडले गेले आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहिले आहे, ते कोणत्या धर्मीयांविषयी द्वेष पसरवण्यासाठी नव्हे. जातीचा विटाळ धर्माच्या कुंपणाबाहेरही कसा पाझरतो, हे त्यांना दाखवायचे होते. तो पाझर बेसॉल्टही अडवू शकला नाही.

तिसरी गोष्ट माती. लाव्ह्याचा दगड झिजून आपली काळी कापसाची माती बनली. ती सखल भागात खोल असते आणि टेकडीच्या माथ्यावर फक्त मुरूम उरतो. गावाचा नकाशा हातात घ्या. खोल काळी रानं कोणाच्या नावावर आहेत आणि मुरमाड गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कोण राबते आहे, ते पाहा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तो याच प्रश्नावर. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणारे हात बहुतेक कोणाचे होते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आज त्याच गायरानावरची अतिक्रमणे हटवण्याच्या नोटिसा येतात तेव्हा आम्ही वस्त्यांत फिरतो. तिथे सातबारा नसलेली माणसे विचारतात, आम्ही मग कुठे जायचे?

१९५० साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. त्या काळी मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. ज्या डोंगरात भिक्खूंनी शिकण्यासाठी विहार कोरले त्याच डोंगराच्या पायथ्याशी शिकायला मिळालेली आपली पहिली पिढी घडली.

म्हणून तरुण मित्रांनो, लेण्यांवर जाल तेव्हा फक्त सेल्फी काढून परतू नका. छिन्नीच्या खुणा पाहा, पोढी शोधा, धम्मलिपी शिका आणि दात्यांची नावे स्वतः वाचा. आपल्या गावच्या विहिरी आणि गायरानाची नोंद करा, सातबारे काढा, ग्रामसभेत बोला. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे झाली. जात मात्र अजून गरम आहे, आणि ती थंड करणे कोणत्याही निसर्गनियमाने होणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

जय भीम!