रूपभेद आणि बढत : ध्वनिमुद्रिकेच्या साक्षीविषयी

जून १९५५ मध्ये ग्लेन गुल्ड या बावीस वर्षांच्या कॅनेडियन पियानोवादकाने न्यूयॉर्क येथे बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. १७४१ साली प्रसिद्ध झालेली ही रचना मुळात हार्प्सिकॉर्ड या वाद्यासाठी लिहिलेली होती. आरंभी एक आरिया, नंतर तीस रूपभेद आणि अखेरीस पुन्हा तीच आरिया, अशी तिची बांधणी आहे. या रूपभेदांचा आधार आरियेची वरची सुरावट हा नसून तिच्या तळाशी असलेल्या खर्जस्वरांची चाल हा होय. १९५६ मध्ये बाहेर आलेल्या या मुद्रिकेने गुल्ड यास जगभर कीर्ती मिळवून दिली. १९८१ मध्ये त्याने तीच रचना पुन्हा मुद्रित केली. पहिले वादन सुमारे अडतीस मिनिटांचे, तर दुसरे एक्कावन्न मिनिटांचे आहे. लय, पुनरावृत्ती आणि आघात यांत एवढे अंतर असूनही दोन्ही वादने ताडून पाहता येतात. कारण बाखने लिहिलेली संहिता दोहोंच्या मागे अचल उभी आहे.

१९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या तबकडीवर गुल्डने वाजविलेली बाखची एक अन्य रचना आहे आणि केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. हे सान्निध्य विचारप्रवर्तक आहे. केसरबाईंना १९२१ पासून ज्यांची दीर्घ तालीम लाभली, ते अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारात होते. त्यांच्या गायकीत लिखित संहिता अशी नसते. स्थायी व अंतरा एवढीच बंदिश; रागाची बढत, बोलअंग आणि तानांची गुंफण ही सर्व आवर्तनाच्या मर्यादेत त्या त्या वेळी सिद्ध होतात. बाखचे रूपभेद कागदावर अगोदरच पूर्ण झालेले असतात. येथे मात्र गायन संपले की विस्तारही विरून जातो. १९६४ मध्ये गुल्डने जाहीर वादन सोडून ध्वनिमुद्रणाचा आश्रय घेतला. त्याच सुमारास केसरबाई मैफलीतून निवृत्त झाल्या; परंतु मैफलीची जागा घेईल असे दुसरे माध्यम त्यांच्या कलेला नव्हते.

येथेच इतिहासाभ्यासकाची अडचण सुरू होते. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांच्या गायकीविषयी बोलताना शिष्यांच्या मुद्रिकांकडे वळावे लागते, आणि त्यांपैकी जुन्या मुद्रिकांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. एवढ्या वेळात मुखडा लवकर गाठणे, आलाप आवरणे आणि तानेला आधी वाट देणे क्रमप्राप्त ठरते. हा तबकडीचा धर्म आहे. तो घराण्याचा धर्म मानणे म्हणजे साधनाची मर्यादा कलेच्या माथी मारणे होय.

तथापि या मुद्रिका निरुपयोगी आहेत, असे नव्हे. एखाद्या भाषेचे एकच वाक्य हाती आले, तरी उच्चार आणि पदरचना यांविषयी ते निश्चित साक्ष देते. त्या भाषेत एखादा विषय कसा मांडीत नेतात, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्याच न्यायाने आकाराचा लगाव, तानेची वळणे आणि समेवर येण्याची रीत यांसाठी तीन मिनिटांची मुद्रिका विश्वसनीय आहे. बढतीचा क्रम व प्रमाण यांसाठी नाही. त्यांचा विचार करण्यास खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांची दीर्घ मुद्रणे अधिक उपयोगी पडतात. मात्र तीही पुढील पिढीची साक्ष आहे, हे विसरता कामा नये. गुल्डच्या दोन मुद्रिकांमधील भेद मोजण्यास बाखची संहिता आहे. कोल्हापूरच्या या परंपरेत अनेक अपूर्ण साक्षी एकमेकींशी ताडूनच संहितेचा अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज आहे, याचे भान राखणे हीच या अभ्यासाची पहिली अट होय.