फॅक्टरीत कामाला आहे म्हणून सांगा

१९१२ साली दादरला दादासाहेब फाळके यांच्या घरी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचं काम सुरू झालं, तेव्हा त्यात काम करणाऱ्या मंडळींपुढे एक घरगुती पेच उभा राहिला. चारचौघांत विचारलं तर सांगायचं काय? नाटकवाल्यांना तेव्हा लग्नाला मुलगी मिळायची मारामार. हलत्या चित्रांसाठी तोंडाला रंग लावणाऱ्याची तर बातच नको. फाळक्यांनीच तोड काढली. हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थाच्या फॅक्टरीत कामाला आहे, असं सांगा. गिरण्यांच्या मुंबईत फॅक्टरीतल्या माणसाला कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर राबणाऱ्या अण्णा साळुंक्यांना पंधरा रुपये देऊन आणलं आणि ते तारामती झाले. पुढे १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, पण समाजाने त्यांना त्याची किंमत मोजायला लावलीच.

आज एखादी पोरगी यूट्यूबवर व्हिडिओ करते म्हणाली की मामा विचारतात, ‘ते ठीक आहे गं, पण काम काय करतेस?’ प्रश्न तोच आहे, शंभर वर्षांपूर्वीचा. म्हणून फाळक्यांकडे जरा थांबून बघायला हवं.

पैसे लावायला कुणी धजेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढेल तसतसं त्याचं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ ही ती इवलीशी फिल्म. घरातली एक कुंडी, एक कॅमेरा, एकटा माणूस. ती पाहून पैसेवाल्यांना धीर आला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक बघत आणि रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडत. दागिने गेले, विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. तरीही केंद्र सरकारने चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला तो १९९८ मध्ये. मधली पंच्याऐंशी वर्षं हजारो माणसं या धंद्यावर पोट भरत होती, पण बँकेच्या लेखी तो धंदाच नव्हता.

ऑनलाइन व्हिडिओचा इतिहास त्या मानाने कालपरवाचा. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबचे एक संस्थापक जावेद करीम यांनी सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून केलेला १९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, तो यूट्यूबवरचा पहिला मानतात. पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरना कंपनी घेतली. खरी कलाटणी २००७ ची. त्या वर्षी जाहिरातीच्या पैशातला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला द्यायला सुरुवात झाली. पुढे नेहमीच्या व्हिडिओंसाठी हा वाटा ५५ टक्के ठरला. हौसेला मजुरी लागली ती तेव्हापासून.

मराठीत हे फार लवकर ओळखलं ते मधुरा बाचल यांनी. अमेरिकेत असताना २००९ मध्ये त्यांनी पाककृतींचं चॅनेल सुरू केलं. २०१५ मध्ये रेडिओ सोडून प्राजक्ता कोळी व्हिडिओंकडे वळली. २०१६ मध्ये ‘भाडिपा’ हे मराठी चॅनेल आलं, त्याच वर्षी जिओने डेटा स्वस्त केला आणि प्रेक्षक एसटीत, शेताच्या बांधावर, दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहू लागला. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे नातवाच्या हट्टाने कॅमेऱ्यासमोर आल्या आणि ‘आपली आजी’ म्हणून घराघरांत पोहोचल्या.

या कामात कष्ट कुठे असतात, ते एखाद्या स्वयंपाकघरात चित्रीकरण चालू असताना पाहावं. पंख्याचा आवाज येतो म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. दिव्याच्या झोतात घाम पुसत हात ओट्यावर, नजर मोबाइलवर. फोडणीतली मोहरी एकदाच तडतडते. तो क्षण चुकला तर तेल टाकून पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की वाक्य पुन्हा. जेवणं आटोपल्यावर संकलन, मथळा, थंबनेल, आणि मग खालच्या शेकडो प्रतिक्रियांना उत्तरं. याला काम म्हणायचं नाही, तर सरस्वतीबाईंनी रात्री अंधारात केलं त्यालाही काम म्हणता येणार नाही.

मात्र एक फरक मोठा आहे आणि तो झाकून चालणार नाही. फाळक्यांचा कॅमेरा त्यांच्या मालकीचा होता. आजच्या क्रिएटरचं दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने अट घातली: १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, तरच जाहिरातीचा पैसा. छोट्या चॅनेलांची कमाई तिथेच थांबली. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली आणि गावोगावच्या पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका आदेशासरशी गेला. देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकारचा. पण ज्याचं पोट त्यावर होतं, त्याला ना नोटीस ना भरपाई. २०२० मध्ये ‘आपली आजी’चं चॅनेलही हॅक झालं होतं, ते परत मिळालं, हे नशीब.

सरकारने मात्र या धंद्याची दखल चित्रपटापेक्षा कितीतरी लवकर घेतली. १ जुलै २०२२ पासून कंपन्यांकडून क्रिएटरांना मिळणाऱ्या वर्षाला २०,००० रुपयांवरच्या भेटवस्तूंवर १० टक्के कर कापला जाऊ लागला. ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीच्या भारत मंडपम्‌मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते क्रिएटरांना राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले. कर-निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात तर समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरसाठी व्यवसायाचा स्वतंत्र क्रमांकच आला : १६०२१.

तेव्हा हा व्यवसाय आहे. अस्थिर आहे, परक्या जागेत आहे, तरी आहे. घरात कुणी या वाटेने निघालं असेल, तर त्याच्याकडे महिन्याचा जमाखर्च मागा, कमाईची दुसरी एखादी वाट आहे का ते विचारा, विवरणपत्र वेळेवर भरायला लावा. आणि स्थळासाठी बायोडेटा कराल तेव्हा ‘व्यवसाय’ या रकान्यात फॅक्टरीचं नाव शोधत बसू नका. जे काम करतो, तेच लिहा.