विजया म्हणजे भांग कीं हिरडा ?

धुळें व जळगांव या दोन्ही बाजूंच्या जुन्या दप्तरांत जमाखर्च व स्तोत्रें यांच्या शेजारीं वैद्यकीचीं बाडेंही आढळतात. त्यांत शूल, वात किंवा सूज यांवरील योगांत 'विजया' शब्द आला म्हणजे यादींत 'भांग' असें लिहून मोकळें होण्याचा मोह पडतो. तो आवरला पाहिजे. भावप्रकाशांत विजया हें भांगेचें नांव आहे, आणि हिरड्याच्या सात जातींपैकीं पहिलीचेंही नांव विजयाच आहे. एक औषध कोठा साफ करतें, दुसरें शुद्ध हरपवितें. वाचनांतील चूक येथें रोग्याच्या अंगावर येते.

खानदेशांत भांग अपरिचित होती असें म्हणतां येत नाहीं. शेजारच्या निमाडांत खांडव्याकडे गांजाची लागवड होत असल्याचें १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालांत नमूद आहे. (१९०६ पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता, त्या कागदांत पूर्व व पश्चिम असा भेद शोधूं नये.) परंतु माल मिळत होता एवढ्यावरून तो योगांत पडला असें ठरत नाहीं.

आमच्या मतें निर्णय कृतीवरून करावा. शेजारीं बेहडा व आंवळा असून फळाची साल घेण्यास सांगितलें असेल तर हिरडाच. पानें दुधांत शिजवून, धुऊन, वाळवून तुपांत परतण्यास सांगितलें असेल तर भांग. नुसत्या तळण्यावर मात्र भिस्त ठेवूं नये. हिरडाही एरंडेलांत तळतात.

तुपांत परतण्याचें मर्म आतां उलगडलें आहे. भांगेंतील मादक द्रव्य पानांत बहुतांशीं आम्लरूपानें असतें. उष्णतेनें तें मोकळें होतें आणि पाण्यांत न विरघळतां स्निग्धांत विरघळतें. १९६४ सालीं गाओनी व मेशुलाम यांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें केलें. शरीरांत त्याचीं दोन ग्राहकस्थानें आहेत. पहिलें, १९८८ सालीं आढळलेलें, मुख्यतः मेंदू व मज्जारज्जू यांतील मज्जातंतूंच्या टोकांशीं असतें. तेथें द्रव्य बसलें कीं कॅल्शियमचा प्रवेश रोखला जाऊन वेदनेचा निरोप पुढें कमी जातो. दुसरें, १९९३ सालीं ओळखलेलें, बहुशः रोगप्रतिकारक पेशींवर असून तें चेतविलें असतां सूज वाढविणारीं द्रव्यें कमी स्रवतात. शरीर स्वतःही अशीं द्रव्यें बनवितें. १९९२ सालीं सांपडलेल्या पहिल्यास संस्कृत 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' असें नांव मिळालें.

या शोधानें जुना योग गुणकारी होता असें सिद्ध होत नाहीं. वेदनेवरील योगांत भांग असणें सयुक्तिक आहे, इतकेंच. शिवाय वेदना शमविणारें पहिलें ग्राहकस्थानच भ्रमही उपजवितें. म्हणून गुंज, मासा, तोळा यांचीं चिन्हें दोनदां ताडून पाहावीं, आणि छापतांना 'विजया' हा शब्द मुळाप्रमाणेंच ठेवून अर्थ तळटीपेंत द्यावा.