तारांची गुणगुण

नांदेड-लातूरकडील ज्या घरांनीं जुना रेडिओ ऐकला, त्यांस विजेच्या तारांची घरघर नवी नाहीं. तिचा इतिहास जवळजवळ दूरध्वनीइतका जुना आहे. तारायंत्राची तार शेजारून गेली कीं दूरध्वनींत तिचे ठोके ऐकूं येत. ग्राहम बेल यांनीं १८८१ सालीं उपाय सुचविला : जाण्यायेण्याच्या दोन तारांस एकमेकींभोंवतीं पीळ द्यावा, म्हणजे दोहोंत सारखाच उपद्रव शिरतो आणि परस्पर फिटतो. पुढें तारेवर धातूचें वेष्टण घालून तें जमिनीस जोडण्याची रीत पडली.

पुणें जिल्ह्यांत खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिनें आकाशांतून टिपलेले संकेत काचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें नेले. तंतूंतील प्रकाशास विजेची बाधा होत नाहीं.

आतां नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं तीस मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेंतील थोरल्या बहिणींच्या नोंदींत तेथील विजेची, सेकंदास ६० आवर्तनांची, गुणगुण उमटते. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची. विश्वाची कुजबूज ऐकावयाची, तर प्रथम आपल्याच घरच्या तारांस गप्प बसवावें लागेल, असें आम्हांस वाटतें.