मॅट्रिकची चाळण : शाळेचे यश मोजावयाचे कशाने?

एखाद्या गावची शाळा चांगली चालली आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? हा प्रश्न कोणाही गृहस्थास विचारला, तर तो क्षणाचाही विलंब न लावता निकालाचा आकडा सांगेल. शेकडा किती मुले उत्तीर्ण झाली, पहिल्या वर्गात किती आली, कॉलेजात कितींना प्रवेश मिळाला, एवढे कळले की शाळेची किंमत कळली, अशी आपल्या समाजाची समजूत आहे. ती इतकी रूढ झाली आहे की अनादि काळापासून चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः तिचे वय दीडशे वर्षांहून फारसे अधिक नाही. ती कोठून आली, कशी रुजली आणि तिच्यापायी कोणाची मोजदाद करावयाची राहून गेली, हा इतिहास मुंबई इलाख्यापुरता जरी पाहिला, तरी बराच बोध होण्यासारखा आहे.

हा इतिहास पाहताना ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे. कामवारी नदीच्या काठचे हे जुने व्यापारी गाव. तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड यांचा व्यापार तेथे चाले. अशा गावातील भाताच्या व्यापाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चाळण वेगळी आणि मापटे वेगळे. चाळणीचे काम निवडण्याचे, मापट्याचे काम मोजण्याचे. चाळणीने धान्य मोजू पाहणाऱ्यास बाजारात कोणी शहाणा म्हणणार नाही. शिक्षणाच्या बाजारात मात्र आपण नेमके तेच करीत आलो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेले हे विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. आपल्या दारात कोणास घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी त्याने एक प्रवेशपरीक्षा ठेविली. तीच मॅट्रिक्युलेशन, आपल्या सर्वांच्या तोंडची मॅट्रिक. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. साऱ्या इलाख्यातून वीसबावीस उमेदवार काय ते उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतीलच. १८६२ साली जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत हे दोघे होते. बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे उरलेले दोघे. ही परीक्षा म्हणजे विद्यापीठाची चाळण होती. जे विद्यार्थी इंग्रजीतून उच्च शिक्षण घेऊ शकतील, तेवढे निवडून घ्यावे, एवढाच तिचा हेतू. बाकीच्या मुलांविषयी तिला काही म्हणावयाचे नव्हते.

मग या चाळणीचे मापटे कसे झाले? त्याचे पहिले कारण नोकरी. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने शिक्षणखाती निघाली, शाळांस अनुदान देण्याची पद्धत आली आणि सरकारी नोकरीत शिकलेल्या माणसास अग्रक्रम द्यावा हे तत्त्व मान्य झाले. मामलेदार कचेरी, कोर्ट, टपालखाते, आगगाडी, जेथे तेथे परीक्षेचा दाखला मागितला जाऊ लागला. मराठी शाळांतील मुलांसाठीही सरकारी नोकरीच्या दाराशी परीक्षा उभी होतीच. धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट सर्वांस परिचित आहे. १८७५ च्या सुमारास मराठी सहावीची सार्वजनिक परीक्षा देण्यासाठी कोकणातील मुरूडहून ते सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. शंभर मैलांहून अधिक वाट तुडविल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून परीक्षकांनी त्यांना परत धाडले. त्या परीक्षेस बसावयास सतरा वर्षे पुरी व्हावी लागत. ती त्यांची झाली होती, पण शरीरयष्टी लहान पडली. पुढे याच कर्व्यांनी १८८१ साली मॅट्रिक केली आणि काय काय कार्य केले, हे महाराष्ट्र जाणतो. एका कागदासाठी मुलांनी डोंगर ओलांडावे, इतके त्या कागदाचे मोल वाढले होते.

दुसरे कारण अनुदानाच्या पद्धतीत होते. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने एक नवा नियम आला. शाळेला मिळावयाचे पैसे मुलांच्या उत्तीर्ण होण्यावर अवलंबून ठेवावयाचे. वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांपैकी प्रत्येकात मूल उत्तीर्ण झाले की शाळेला दोन शिलिंग आठ पेन्स मिळत; नापास झाले की तेवढे कापले जात. हीच कल्पना पुढे मुंबई इलाख्यात आली आणि खाजगी व मिशनच्या शाळांचे अनुदान निकालाच्या तराजूत तोलले जाऊ लागले. वरवर पाहता यात न्याय दिसतो. सरकारने पैसा दिला, तर काम झाले की नाही हे पाहू नये काय? अवश्य पाहावे. परंतु ज्या दिवशी दिपोटीसाहेबांच्या एका भेटीवर शिक्षकाची भाकरी अवलंबून राहिली, त्या दिवशी शिक्षकाचे लक्ष मुलावरून उडून त्या भेटीवर गेले. जो विषय परीक्षेत नाही, तो फळ्यावर येईना. जे मूल हमखास उत्तीर्ण होणारे, त्याच्याकडे पाहण्याचे कारण नाही. जे हमखास नापास होणारे, त्याच्यावर श्रम करणे व्यर्थ. उंबरठ्यावरच्या मुलांवर मात्र घोकंपट्टीचा मारा. हा दोष शिक्षकाच्या स्वभावाचा नव्हे, तो मापाचा आहे. माणसास ज्या मापाने मोजावे, त्या मापात बसण्यासाठी तो आपले काम कापून घेतो.

ही गोष्ट ज्यांच्या ध्यानात सर्वांआधी आली, त्यांत जोतीराव फुले यांचे नाव घेतले पाहिजे. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्यास ऑक्टोबर महिन्यात जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा हा मुख्य विषय होता, हे सर्वश्रुत आहे. हायस्कुलांविषयी त्यांनी जे म्हटले ते मात्र तितके आठवले जात नाही. सरकारी हायस्कुलांतील शिक्षण व्यवहारास उपयोगी नाही, त्यातून कारकून आणि पंतोजी तेवढे निपजतात. मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे सारे चित्त व्यापून टाकले आहे आणि स्वतंत्रपणे पोट भरू पाहणाऱ्या मुलास तो अभ्यासक्रम काहीच देत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मॅट्रिकला अवघी तेवीस वर्षे झाली होती. एवढ्यात त्यांनी तिचा रोग ओळखला.

आयोगाने या तक्रारीची दखल घेतली, हे सांगितलेच पाहिजे. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांतून दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापारउदीम व इतर व्यवसायांकडे जाणारी, अशी शिफारस त्याने केली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत स्कूल फायनल नावाची निराळी परीक्षाही निघाली. परंतु दुसरी वाट कागदावर आखली म्हणून तिच्यावर वर्दळ होत नाही. ती परीक्षा व्यवसायाचे दार न होता, सरकारी कारकुनीची एक पायरी होऊन बसली. कारागिराचे काम शिकविण्यास कार्यशाळा पाहिजे, हत्यारे पाहिजेत, हाताने काम करणारा गुरू पाहिजे. हे सारे खर्चाचे. पुस्तक घोकण्यास एक फळा पुरतो. शिवाय मॅट्रिक झालेल्यास लग्नाच्या बाजारात मान होता, तो सुताराच्या पोरास नव्हता. जातीची उतरंड आणि परीक्षेची उतरंड एकमेकींत अशी मिसळली, की हाताचे काम म्हणजे ज्याला डोके नाही त्याचे काम, हा समज शाळेच्या वेळापत्रकातही शिरला.

आता भिवंडीकडे पुन्हा वळू. या गावी उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग बसविले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे यंत्रमाग आले. पुढे त्यांचा एवढा विस्तार झाला की भिवंडीचे नाव देशभर कापडामुळेच ओळखले जाऊ लागले. विणकराच्या घरचे मूल लहानपणीच कांडी भरावयास शिके. ताणा किती तारांचा, बाणा कोणत्या सुताचा, खळ किती द्यावी, तुटलेला धागा कसा जोडावा, एका बीमातून किती वार कापड निघेल, हा हिशेब ते तोंडी करी. यात अंकगणित आहे, भूमिती आहे, यंत्रशास्त्र आहे. परंतु शाळेच्या दप्तरात या विद्येस रकाना नव्हता. तेच मूल त्रैराशिकाच्या एका उदाहरणात अडखळले, तर नापास ठरे. ते शाळा सोडून मागावर बसले, तर शाळेच्या दृष्टीने ते नाहीसे झाले. तेथून तीसएक मैलांवर मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि तेथे कापडाच्या धंद्याचे शास्त्रीय शिक्षण मिळू लागले. परंतु तिच्या दारी पोहोचण्यासही इंग्रजी शाळेची शिडी चढणे प्राप्त होते. ज्याच्या घरी माग, त्यासच मागाचे शास्त्र दुर्लभ, अशी ही स्थिती.

परीक्षेचे गुण माणसाची योग्यता किती सांगतात, याचे याहून मोठे उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले, म्हणजे शेकडा अडतीसही नव्हेत. निकालाच्या यादीत हा विद्यार्थी कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. परंतु ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांतील एक मुलगा त्या चाळणीतून पार पडला, याचे मोल ज्यांनी जाणले, त्यांनी त्याच्या सत्कारासाठी सभा भरविली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्या प्रसंगी त्यास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने त्यांचे शिक्षण चालले, कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या आल्या, आणि १९४७ साली तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. येथे दोन गोष्टी एकदम दिसतात. गुणांचा आकडा फसवा ठरला. परंतु ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून पुढचे दारही उघडले नसते. म्हणून परीक्षा मोडून टाका, असे म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. ज्यास कुळ, पैसा आणि वशिला नाही, त्यास परीक्षेचा दाखला हाच एक आधार असतो. तक्रार चाळणीविषयी नाही. तिने मोजदाद करण्याविषयी आहे.

या चुकीची जाणीव राज्यकर्त्यांस वेळोवेळी झालेली दिसते. १९०४ च्या सरकारी ठरावाने परीक्षांचे स्तोम माजल्याचे मान्य केले आणि निकालानुसार अनुदान देण्याच्या पद्धतीस निरोप दिला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया धरावा, असे प्रतिपादिले. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात शालान्त परीक्षेचे मंडळ स्थापन झाले आणि विद्यापीठाची मॅट्रिक मागे पडली. शाळेचा शेवट आणि कॉलेजची सुरुवात या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने नाना व्यवसायांचे शिक्षण देणाऱ्या बहूद्देशीय शाळा सुचविल्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानंतर दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. नावे बदलली, मंडळे बदलली. पण घरोघरी विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला, की किती टक्के पडले? २०१६ च्या सुमारास महाराष्ट्रात गुणपत्रिकेवरील नापास हा शेरा काढून त्याजागी कौशल्य विकासास पात्र असा शेरा आला. हेतू दयेचा होता, यात शंका नाही. परंतु कौशल्य ही नापास झालेल्यांची वाटणी, हा जुना समज त्या शेऱ्यातही बोलतच राहिला.

आजची भिवंडी पूर्वीची नाही. मागांच्या खडखडाटाबरोबर तेथे आता मोठमोठ्या गोदामांची रांग उभी आहे. १९८९ साली निघालेले जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय तेथे आहे. ज्या घरांतील मुलींचे शिक्षण फार पूर्वी थांबत असे, त्यांना गावातच पदवीची सोय झाली. हे यश निकालाच्या टक्क्यांत मावणारे नाही. एखाद्या घरातील पहिली मुलगी कॉलेजात जाते, तेव्हा त्या घराने किती अंतर कापले, हे तिच्या गुणांवरून कसे कळावे?

शाळेचे यश मोजूच नये, असे कोणी म्हणणार नाही. मोजावे, पण मापट्याने मोजावे. पहिलीत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी दहावीपर्यंत किती टिकली, हे आधी विचारावे. परीक्षेस बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाली, हे मागाहून. जी गळाली ती कोणाच्या घरची, याची नोंद असावी. जी कॉलेजात गेली ती तेथे टिकली काय, आणि जी कामास लागली त्यांना शाळेत शिकलेले कामी आले काय, याची चौकशी पाच वर्षांनी व्हावी. ही मोजदाद अवघड आहे, तिला वेळ लागतो आणि तिचा आकडा वर्तमानपत्रात छापण्याइतका सुटसुटीत नसतो. पण त्या मोजदादीत मागावर बसलेले मूलही येते आणि वकील झालेले मूलही येते. विद्यापीठाने आपल्यापुरती माणसे निवडावी, तो त्याचा अधिकार आहे. शाळेकडे मात्र साऱ्या गावाने आपली मुले सोपविलेली असतात. तिने हिशेबही साऱ्यांचाच दिला पाहिजे.