बाथ येथील उष्णोदकस्नान

इंग्लंडमधील एव्हन नदीकाठच्या बाथ नगरात सु. ४६° से. तापमानाचा झरा आहे. इ. स. पहिल्या शतकात रोमनांनी तेथे सूलिस मिनर्व्हा देवीचे मंदिर व स्नानगृहे बांधली. देवीला साकडे केवळ आरोग्यासाठी घालीत नसत. चोरांना शाप देणारे, धातूच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले सु. १३० लेख झऱ्यात सापडले आहेत. अठराव्या शतकात बो नॅश याने येथील समाजजीवनाला शिस्त लावली. उपचाराच्या निमित्ताने नृत्य व जुगार यांनाही बहर आला. १९७८ मध्ये या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमीबाजन्य मस्तिष्कावरणशोथाने मरण पावली व स्नान बंद पडले. नव्या कूपनलिकांचे पाणी वापरून २००६ मध्ये स्वतंत्र स्नानगृह उघडले. प्राचीन रोमन कुंडात उतरण्यास मात्र मनाई आहे.